रंगदाणा

एकोणीस ऑक्टोबरच्या सकाळी डॉक्टर देवदत्त सामंतांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि ते रडू लागले.

सामंत पुण्याचे दातांचे डॉक्टर. गेली नऊ वर्षं पावसाळा सरला की ते नांदझिरी धरणावर पक्ष्यांचे फोटो काढायला यायचे, आणि दरवेळी सिंधू मल्लावच्याच होडीत बसायचे. सिंधूने त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं, रडताना तर नाहीच. तिने वल्हं पाण्यात रोवून होडी स्थिर धरली.

"सिंधूताई, हे बघायला लोक रशियाच्या पार उत्तर टोकाला जातात," ते म्हणाले. "तेही मे महिन्यात. आणि हा इथे उभा आहे. ऑक्टोबरात!"

पंधरा हातांवर, चिखलाच्या पट्टीवर तो उभा होता. कबुतराएवढा, उंच पायांचा. मानेभोवती तांबूस पिसांची दाट आयाळ फुललेली, डोक्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पिसांच्या शेंड्या, आणि चोचीच्या मुळाशी नारिंगी गाठींचा पुंजका. तो खाली वाकला, आयाळ जमिनीला टेकवली आणि थरथरत तसाच राहिला.

पक्ष्याचं नाव रफ. सिंधूच्या गावात त्याला भुऱ्या म्हणत, कारण हजारोंच्या थव्याने येणारा हा पाहुणा अकरा वर्षांत तिने भुराच पाहिला होता. त्याला लग्नाचा साज चढतो तो उन्हाळ्यात, तिकडे दूर उत्तरेत. काम झालं की साज गळतो, आणि मग तो आपल्याकडे येतो. हे तिला पाठ होतं. तरीही तिने सामंतांना सांगितलं, "आपल्या पाण्याला लागलाय, डॉक्टर. खाणं चांगलं हाय इथं."

असं बोलताना तिला अभिमान वाटला. ते खाणं तीच टाकत होती.

सिंधूचा नवरा भानुदास होडीवाल्यांच्या सोसायटीचा सचिव. सप्टेंबरात पहिले थवे उतरले तेव्हा एका कंपनीच्या माणसाने त्याला पोती आणून दिली. पोत्यांवर हिरव्या अक्षरांत छापलं होतं, 'रंगदाणा'. पक्षी होडीला बुजून लांब बसतात, हा दाणा टाकला की जवळ येतील, शिवाय त्यात जीवनसत्त्वं आहेत, असं त्या माणसाने सांगितलं. पक्षी सगळ्यांत कमी बुजायचे ते सिंधूच्या होडीला, म्हणून टाकायचं काम तिच्याकडे आलं. रोज सकाळी ती दोन घमेली दाणा पट्टीवर उधळायची. हाताला ओल्या पत्र्यासारखा वास राहायचा. साबणाने जात नसे.

तिला शंका आली नाही असं नाही. पण त्या दिवसांत नांदझिरीला फोटो काढणारी इतकी माणसं येऊ लागली होती, की शंका काढायची तर कुणाजवळ काढायची?

माणसं येण्याचं कारण साधं होतं. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत यंत्राला नुसतं सांगितलं की हव्या त्या पक्ष्याचं हव्या त्या उजेडातलं चित्र घरबसल्या मिळू लागलं होतं, आणि ते खऱ्यापेक्षा देखणं असायचं. पक्ष्यांच्या फोटोंना कुणी विचारेना. मग कॅमेऱ्यांत मोहर आली. बटण दाबलं त्या क्षणी जागा, वेळ आणि भिंगातून आलेला उजेड यांची खूण फोटोत अशी गोठवली जायची, की नंतर एक ठिपका जरी बदलला तरी मोहर फुटायची. स्पर्धा असो की प्रदर्शन, मोहरेशिवाय कुणी फोटो हातात घेईना. म्हणजे चित्रात रंग भरायची सोय संपली. रंग आता पक्ष्याच्या अंगावरच असायला हवा होता. आणि आश्विन-कार्तिकात आपल्याकडे येणारे पाहुणे तर मळक्या कपड्यांतच येतात.

सामंतांचा फोटो आठवड्यात जगभर फिरला. मोहर तपासली गेली. खरी निघाली.

*

नोव्हेंबरच्या दहा तारखेपर्यंत पट्टीवर सातशेवर नर आयाळ फुलवून उभे होते. पांढऱ्या आयाळीचे, काळ्या, विटकरी, ठिपक्यांच्या. एकासारखा दुसरा नाही. काठावर वाहनं लावायला जागा उरली नाही. दिल्लीहून, चेन्नईहून, जपानहून माणसं आली. छातीपर्यंत रबरी कपडे घालून ती पाण्यात उतरत, चिखलात पोटावर पडून राहत, आणि पुढच्याच्या डोक्यावरून भिंग काढायला एकमेकांना कोपराने ढकलत.

नर भांडत होते. रफ जवळजवळ मुका पक्षी आहे, त्यामुळे ती मारामारी बिनआवाजाची होती. दोघं एकमेकांवर झेपावायचे, चोचीने चेहऱ्यावरच्या गाठी फोडायचे, पायांनी आयाळ उपटायचे. ऐकू यायची ती फक्त कॅमेऱ्यांची खरखर. एरवी हे खेळ तासाभराचे असतात, असं सिंधूने ऐकलं होतं. इथे ते सकाळी सुरू होत आणि संध्याकाळपर्यंत संपत नसत. उपटलेली पिसं पाण्यावर साचली. त्यांत शेवाळ अडकलं, विष्ठा अडकली, आणि काठालगत हातभर रुंद, राखाडी, बुळबुळीत साय धरली. होडी तिच्यातून गेली की खालून सडका बुडबुडा फुटायचा. काठावरच्या टपरीत चहाच्या कपात पिसं येऊन पडत. लोक ती बोटाने काढून टाकत आणि चहा पीत.

एका सकाळी पट्टीच्या कडेला एक नर मरून पडला होता. पांढरी आयाळ, एक डोळा नाही. सामंतांनी सिंधूला होडी जवळ घ्यायला सांगितली. तिला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. सामंतांनी कॅमेऱ्याच्या तिपाईचा पाय लांब केला, त्याच्या टोकाने पक्ष्याला हळूच उलटवलं आणि आयाळ उन्हाकडे येईल असं वळवलं.

"डोळा पलीकडे गेला ना?" त्यांनी विचारलं.

"गेला," सिंधू म्हणाली.

त्यांनी फोटो काढले. मग डब्यातली एक पुरणपोळी तिच्यापुढे धरली. दर वर्षी ते तिच्यासाठी घरून पुरणपोळ्या आणायचे. तिने ती हातात घेतली, पण तिला खाववेना. सामंतांची पाठ वळल्यावर तिने ती पाण्यात सोडली. पोळी त्या सायीवर तरंगत राहिली.

*

नोव्हेंबरच्या वीस तारखेला तिला अंडी सापडली.

ती दाणा टाकायला पट्टीवर उतरली होती. आधी तिला तो गोटा वाटला. मग तिने पाहिलं, तशी बरीच होती. हिरवट, तपकिरी डागांची. ना घरटं, ना गवत. माद्यांनी चालता चालता टाकल्यासारखी चिखलात पडलेली. तिने एक उचललं. कवच नव्हतंच. पातळ कातडीची पिशवी तिच्या बोटांत दबली आणि आतलं सगळं मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. थोडं पुढे एक मादी बसली होती. सिंधू जवळ गेली तरी ती उठली नाही. तिच्या शेपटीखाली अंडं अर्धं बाहेर येऊन अडकलं होतं, आणि तिच्या श्वासाबरोबर ते आत-बाहेर होत होतं. मागे गावातली पाच-सहा कुत्री पोहत आली होती आणि पट्टीवरून सावकाश, घाई न करता, एकेक अंडं चाटत निघाली होती.

सिंधूने हात चिखलाने घासला, पाण्याने घासला, पुन्हा चिखलाने घासला.

घरी आल्यावर तिने डब्यात आणलेली तीन अंडी भानुदासपुढे ठेवली. तो जेवत होता.

"आवं, बघा हे. नोव्हेंबरात अंडी घालायला लागल्यात. इथं! ह्या पक्ष्यानं आपल्या मुलखात कधी अंडं घातलेलं न्हाई."

"मग चांगलंच हाय की. पिल्लं व्हतील."

"कशातनं व्हतील? हात लावून बघा!"

भानुदासने हात लावला नाही. ताट थोडं बाजूला ओढून घेतलं. "सिंधू, तीस होड्या चालल्यात. मागल्या साली पोरं साखर कारखान्यावर मोळ्या टाकायला जात व्हती. तुला दाण्याचा संशय हाय व्हय? कोंबड्यांच्या खाद्यातबी औषधं असत्यात. खातोच की आपण."

"कोंबडी सायबेरियाला जात न्हाई."

"जेवू दे मला," भानुदास म्हणाला.

सिंधूने त्याच दुपारी शर्वरीताईंना फोन केला.

*

डॉक्टर शर्वरी ओक पक्ष्यांच्या शरीरशास्त्राच्या अभ्यासक. माळढोक हा गवताळ माळावरचा मोठा पक्षी जवळजवळ संपत आला होता. त्याची पैदास करणाऱ्या केंद्राच्या त्या प्रमुख होत्या. अकरा वर्षांपूर्वी पक्षीगणनेसाठी त्यांना होडी हवी होती, आणि भानुदास तापाने पडला म्हणून सिंधू वल्हवायला गेली होती. त्या दिवशी ताईंनी तिच्या गळ्यात दुर्बीण अडकवली. पुढे इंग्रजी नावं शिकवली, वही दिली, आणि एकदा पुण्यातल्या मोठ्या सभेत 'ह्या माझ्या सहकारी' म्हणून तिची ओळख करून दिली. सिंधूला सख्खी बहीण नव्हती. असती तरी तिने ताईंनाच जास्त मानलं असतं.

बावीस नोव्हेंबरला ताई आल्या. पट्टीकडे त्यांनी एकदाच पाहिलं. सिंधूने पोतं उघडलं तेव्हा त्यांनी मूठभर दाणा घेतला, हुंगला, आणि होडीच्या फळीवर खाली बसल्या.

"काय हाय त्यात, ताई?"

ताईंनी सांगितलं. बराच वेळ त्या पाण्याकडे बघून बोलत होत्या, वर्गात शिकवल्यासारख्या.

"दिवस मोठा झाला हे पक्ष्याला नुसतं डोळ्यांनी कळत नाही, सिंधू. त्याची कवटी पातळ असते. उजेड तिच्यातून झिरपून मेंदूच्या तळाशी पोचतो, आणि तिथल्या काही पेशी तो मोजतात. रोजचा उजेड ठरावीक तासांच्या वर गेला की त्या शरीराला निरोप देतात, वसंत आला. मग पिसं बदलतात, बीजांडं वाढतात, उत्तरेकडे निघायची ओढ लागते. सगळं त्या एका निरोपावर चालतं. ह्या दाण्यात जे आहे ते त्या पेशींना फसवतं. बाहेर दिवस कितीही लहान असो, त्या मोठाच मोजतात."

"म्हंजी ह्यांना वाटतंय की मे महिना हाय."

"हो."

"आन् अंड्यांना कवच का न्हाई?"

"कवचाला चुना लागतो. उत्तरेत त्या गोगलगायी खातात, किडे खातात. इथे नुसता दाणा. त्यांच्या हाडांतला चुना निघून अंड्यात जातोय, आणि तोही पुरत नाही."

सिंधूने विचारलं, "तुम्हांला एवढं सगळं कसं ठाऊक?"

ताईंनी मूठ उघडून दाणे पोत्यात परत टाकले. तळहात साडीच्या पदराला पुसला. मग पुन्हा पुसला.

"मी केलंय ते."

पिंजऱ्यातले माळढोक जोडी जमवत नव्हते. हे द्रव्य दिलं, तर पहिल्याच वर्षी सहा पिल्लं झाली. आता चौदा होती. केंद्राला पैसा लागत होता, म्हणून कोंबड्यांसाठी वापरायचे हक्क ताईंच्या संस्थेने एका पशुखाद्य कंपनीला दिले. कंपनीने पुढे काय केलं ते ताईंनी विचारलं नव्हतं.

"सामंतांचा फोटो सगळीकडे आला," सिंधू म्हणाली. "तुम्ही बघितला असंल."

"बघितला."

"तवाच कळलं व्हतं?"

ताई पोत्याचं तोंड सुतळीने बांधू लागल्या, आणि सिंधूला उत्तर मिळालं. गेला महिनाभर त्यांना ठाऊक होतं. तिने मनगट होडीच्या काठावर घासलं. अंडं फुटलं तेव्हा जसं घासलं होतं, अगदी तसंच. समोर मात्र ताई बसल्या होत्या.

"पोलिसांत जाऊ या," ती म्हणाली. "वनखात्यात जाऊ. आजच बंद करू."

"एकदम बंद केलं तर ते मरतील." ताई आता भराभर बोलू लागल्या. "ऐक. ते इथे टिकलेत ते फुकटचं खाणं आहे म्हणून. उत्तरेची ओढ सगळ्यांच्या अंगात भरलेली आहे. दाणा थांबला, किंवा मोठी भीती बसली, तर थवा उठेल आणि निघेल. सायबेरियात आता उणे चाळीस आहे. आणि त्याच्या आधी हिमालय. औषध अंगातून उतरायला साडेतीन आठवडे लागतात. तेवढे दिवस त्यांना साधी ज्वारी, त्यात शिंपल्यांचा चुरा, आणि शांतता. मग ओढ जाईल. राहतील ते."

"मग सगळ्यांना सांगू की तसं."

"नको." ताईंनी तिचा हात धरला. "सिंधू, हे बाहेर फुटलं तर द्रव्यावर बंदी येईल. माळढोकाची चौदा पिल्लं आहेत, पुढच्या विणीला मला ते लागणार आहे. शेवटचे आहेत ते. साडेतीन आठवडे फक्त. पोतं तेच ठेव, आतला दाणा बदल. भानुदासलाही बोलू नकोस. त्याच्या तोंडून कंपनीपर्यंत जाईल."

ताईंचा हात घामेजला होता. सिंधूला तो सोडवून घ्यावासा वाटला. तिने घेतला नाही.

"बरं," ती म्हणाली.

*

तेवीस नोव्हेंबरपासून रंगदाण्याच्या पोत्यांत ज्वारी जाऊ लागली. खरा रंगदाणा सिंधू धरणामागच्या जुन्या चुनाभट्टीत नेऊन पुरत होती. ज्वारी ताई पाठवत, शिंपले ती स्वतः कुटत असे. फोटोवाल्यांना ती पट्टीपासून लांब ठेवू लागली. चिखल खचतोय, होडी रुतेल, असं काहीबाही सांगू लागली. रोज ती भानुदासशी खोटं बोलत होती. भानुदासला काहीतरी कळत होतं, पण तो विचारत नव्हता. घरात दोघं पाहुण्यांसारखे वागू लागले.

आठव्या दिवशी माद्यांनी अंडी घालणं थांबवलं. बाराव्या दिवशी भांडणं दुपारी थांबू लागली. पंधराव्या दिवशी आयाळी विरळ झाल्या. नरांच्या माना उपटलेल्या कोंबडीसारख्या दिसू लागल्या, मधूनच गुलाबी कातडी, मधूनच एखादं लोंबतं पीस. चेहऱ्यावरच्या गाठी सुकून खपल्या धरल्या. ते दिसायला ओंगळ होते, आणि सिंधूला त्यांच्याकडे बघून कित्येक दिवसांनी बरं वाटलं. ते खात होते आणि खाऊन झोपत होते. झोपताना मान पाठीवर वळवून चोच पिसांत खुपसत होते, हिवाळ्यातल्या भुऱ्यांसारखे.

फोटोवाले कुरकुरू लागले. टपरीत सामंत म्हणाले, "आयाळ चाललीय. आता चार-पाच दिवसच. बसलेल्याचे हजार फोटो झाले सगळ्यांकडे. उडत्या थव्याचा, आयाळींसकट, एकही नाही." ते बोलले तेव्हा सिंधू तिथे नव्हती. भानुदास होता.

अकरा डिसेंबर, एकोणिसावा दिवस. सकाळचे नऊ वाजले होते. सिंधू पट्टीच्या दक्षिण टोकाला ज्वारी टाकत होती. उत्तरेकडच्या पाण्यात आठ-दहा होड्या एका ओळीत येऊन थांबलेल्या तिने पाहिल्या. पहिल्या होडीत भानुदास उभा होता. त्याच्या एका हातात तेलाचा रिकामा डबा, दुसऱ्यात लोखंडी कांब. त्याच्यामागे सामंत गुडघ्यावर बसले होते, कॅमेरा डोळ्याला लावून.

हे नवीन नव्हतं. थवा उठवायला होडीवाले डबा वाजवतात, गिऱ्हाईक खूश होतं, थवा दोन फेऱ्या मारून परत बसतो. सिंधूने स्वतःही पहिल्या वर्षी वाजवला होता.

ती ओरडली. वारा उलटा होता. भानुदासने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला हात केला, रोजच्यासारखा. मग त्याने कांब डब्यावर मारली. पाठोपाठ बाकीच्या होड्यांतूनही डबे वाजले.

थवा एकदम उठला. सातशे नर, त्याहून जास्त माद्या. पंखांचा वारा सिंधूच्या तोंडावर आला, त्याबरोबर धूळ, पिसं, कोंडा. पहिली फेरी त्यांनी पाण्यावरून घेतली. उन्हात उरल्यासुरल्या आयाळी पेटल्यासारख्या दिसल्या, आणि होड्यांतून एकसुरात "ओ हो हो!" असा आवाज निघाला. दुसरी फेरी उंचावरून झाली. सिंधू घमेलं डोक्यावर धरून ज्वारी उधळत पट्टीवरून पळत होती. "या! या! या रे!" एवढंच तिच्या तोंडातून निघत होतं.

तिसरी फेरी पुरी झालीच नाही. थव्याचं एक टोक कारखान्याच्या धुरांड्याकडे, उत्तरेला वळलं. बाकीचा थवा त्याच्यामागे ताणला गेला, लांब रेघ झाली, बारीक झाली, आणि दिसेनाशी झाली.

डबे वाजायचे थांबले. मग सामंतांचा आवाज आला. "मिळाला! भानुदास, मिळाला शॉट!"

पट्टीवर अठ्ठावीस पक्षी उरले होते. ज्यांना उडता येत नव्हतं ते.

*

सिंधूने त्या दुपारी भानुदासला सगळं सांगितलं. औषध, ताई, चुनाभट्टी, उणे चाळीस. तो उंबऱ्यावर बसून ऐकत होता.

"मला वाटलं परत येतील," तो म्हणाला. "एरवी येत्यात."

"ठाऊक हाय."

"तू सांगितलं असतंस तर मी वाजवला असता का डबा?"

वाजवला नसता, असं सिंधूला वाटत होतं. वाजवला असता, असंही वाटत होतं. एकोणीस दिवस एका घरात राहून तिने त्याला निवड करायची संधीच दिली नव्हती. त्याच्याबद्दल जेवढा तिटकारा तिच्या मनात होता, तेवढाच स्वतःबद्दल होता, आणि दोन्ही एकमेकांत असे मिसळले होते की वेगळे काढता येत नव्हते.

नऊ दिवसांनी बातमी आली. हिमाचलात एका खिंडीजवळ रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या मजुरांना यंत्राच्या फाळासमोर पक्षी दिसले. आधी दहा-वीस, मग शेकडो. गोठलेले. पंख मिटून, सगळे एकाच दिशेला तोंड करून. कुणीतरी काढलेला फोटो तासाभरात सगळीकडे गेला. पांढऱ्या बर्फात विटकरी, काळ्या, सोनेरी पिसांचे ठिपके. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'काय रंग आहेत!' मोहर होती. खरी होती.

संध्याकाळी सामंतांचा फोन आला.

"सिंधूताई, पाहिलंत ना? फार वाईट झालं. सकाळपासून मला घास गेला नाही." पाठोपाठ ते म्हणाले, "आम्ही चौघं उद्या विमानाने निघतोय तिकडे. ताजा बर्फ पडायच्या आत पोचायला हवं. तुम्ही याल का? म्हणजे नर-मादी, वय, हे तुम्हांला बरोबर ओळखता येतं. फोटोखाली तुमचंही नाव घालू."

सिंधूने फोन ठेवला नाही. तो तसाच चुलीजवळच्या फळीवर टेकवला, मागच्या दाराने बाहेर गेली आणि ओकली. पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी पडलं. आत फळीवरून सामंतांचा आवाज येत होता. "हॅलो? ताई? रेंज नाही का?"

दुसऱ्या दिवशी ती वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात गेली. भानुदास बरोबर आला. तिने बोलावलं नव्हतं. तो बाहेर बाकावर बसला. जिना चढताना ताईंचा फोन आला. ताईंना कसं कळलं कुणास ठाऊक, कदाचित त्या रोजच या दिवसाची वाट बघत असतील.

"सिंधू, जे झालं ते परत येणार नाही," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "पण माळढोक अजून आहेत. कंपनीचं नाव सांग, जरूर सांग. माझं नको. माझं नाव आलं की केंद्राला कुलूप लागेल. चौदा पिल्लं, सिंधू. तू तरी समजून घे."

"समजतंय मला, ताई," सिंधू म्हणाली. तिला खरंच समजत होतं. तिने फोन बंद करून पिशवीत टाकला.

वनक्षेत्रपाल वयाने लहान होत्या, नव्याने बदलून आलेल्या. त्यांनी यंत्र चालू केलं, जबाब नोंदवायला. नाव, गाव, वय, व्यवसाय. मग विचारलं, "खाद्य कोण टाकत होतं?"

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"नवऱ्यानं आणून दिलं. टाकलं मी. रोज, माझ्या हातानं."

अधिकारी बाईंनी यंत्रावरून नजर वर केली. "तुम्हांला कल्पना आहे ना? आरोपींत पहिलं नाव तुमचं येईल. संरक्षित पक्षी आहेत."

"येऊ द्या."

"खाद्यात औषध आहे हे तुम्हांला कधी कळलं? आणि कुणी सांगितलं?"

खिडकीतून बाहेरचा बाक दिसत होता. भानुदास पाय जवळ घेऊन, हात मांडीत घालून बसला होता. सिंधूने पाण्याचा पेला उचलला, पाण्याकडे पाहिलं, तसाच खाली ठेवला.

"बावीस नोव्हेंबरला कळलं," ती म्हणाली. "डॉक्टर शर्वरी ओकांनी सांगितलं. त्यांनीच बनवलंय ते. आन् त्या दिवसापासून मीबी गप्प व्हते, घरात नवऱ्याशीसुद्धा. तेबी लिहा."